राजपत्रांचे गठ्ठे, जनगणनेच्या पुस्तिका आणि शासन निर्णय : बांधणीला देण्याआधी आणि दिल्यावर

निफाड तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे महाराष्ट्र शासन राजपत्राचे वीस-बावीस वर्षांचे सुटे अंक सुतळीने बांधून माळ्यावर पडले आहेत. सोबत जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, सामाजिक व आर्थिक समालोचनाचे (जिल्ह्याच्या आकडेवारीच्या सरकारी पुस्तकाचे) काही अंक आणि शासन निर्णयांच्या छापील प्रतींचा ढीग आहे. अनुदानातून बांधणीपुरते थोडे पैसे निघतील. त्या विचारतात : दर वर्षाचा एक जाड खंड करावा का? रेक्झिन घ्यावं की कापड? आणि आता सगळं ऑनलाइन मिळत असताना हा खर्च करावाच का?

ताई, मी नाशिकला दहीपुलाच्या बाजूच्या गल्लीत पस्तीस वर्षं बांधणीचं काम करतोय. आधी वडील करायचे. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. नवे अंक संकेतस्थळावर मिळतात हे खरं. केंद्राच्या राजपत्राची कागदावरची छपाई तर १ ऑक्टोबर २०१५ पासून बंदच झाली. म्हणून नवीन छापून बांधत बसू नका. पण तुमच्या माळ्यावरचा प्रत्येक जुना अंक तिथे असेलच असं धरून चालू नका. पाच-सहा जुन्या तारखा शोधून बघा, मग ठरवा. माझं मत विचाराल तर राजपत्राचा 'भाग दोन' आधी बांधून घ्या, कारण सामान्य माणूस त्याच्यासाठीच येतो. नाव बदलल्याच्या सूचना त्या भागात येतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सेवापुस्तकात दुसरं, आणि पेन्शनच्या वेळी कारकून म्हणतो 'गॅझेट आणा'. मग सिन्नरचा, येवल्याचा माणूस हातात चिठ्ठी घेऊन वाचनालयाच्या दारात उभा राहतो. चिठ्ठीवर वर्ष, भाग आणि पान क्रमांक एवढंच असतं.

सरकारी कागद कादंबरीसारखा पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही. लोक एक पान शोधायला येतात, त्याची झेरॉक्स काढतात आणि जातात. ते पान अर्ध्या मिनिटात सापडलं पाहिजे, काचेवर सपाट बसलं पाहिजे, आणि झेरॉक्समध्ये पान क्रमांक, तारीख, कडेच्या ओळी सगळं आलं पाहिजे. राजपत्राची प्रत हा पुरावा असतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात राजपत्राच्या खरेपणाबद्दल कलम ८१ होतं, आणि १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला तरी या कागदाचं वजन कमी झालेलं नाही. पुठ्ठा, कापड, शिलाई हे सगळं मी यावरूनच ठरवतो.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, ठेच लागून शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाचनालयाचे राजपत्राचे चार खंड केले. काम दिसायला झकास, मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं. कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून कटिंग मशीनवर तिन्ही बाजूंनी सढळ हाताने कापलं. वर्षभराने एक वकील तो खंड काखेत मारून दुकानात आले. हवं होतं ते पान त्यांना सापडलं होतं, पण डोक्यावरचा पान क्रमांक अर्धा उडालेला. 'हे कितवं पान आहे ते आता तुम्हीच सांगा,' म्हणाले. त्या चार खंडांचे पैसे मी परत केले, पण कापलेली कड कुठून परत आणणार? तेव्हापासून सरकारी कागदाच्या डोक्याला मी सुरी लावत नाही. कडा वरखाली दिसल्या तर दिसू देत.

आता मुख्य काम. हे बाइंडरचं नाही, तुमचं आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. अंक लावायचे. बहुतेक वाचनालयं तारखेप्रमाणे लावलेला एक गठ्ठा आणून देतात. त्यात भाग एक, भाग दोन, विभागीय पुरवण्या, असाधारण अंक (नेहमीच्या साप्ताहिक अंकांबाहेर निघालेले) सगळं एकमेकांत कालवलेलं असतं. असं बांधलं की खंड निकामी. राजपत्रात पानांचे आकडे त्या-त्या भागात वर्षभर पुढे चालत जातात. भाग दोनचं पान ३१२ शोधणाऱ्याला मध्येच भाग एकचं पान ८७ दिसलं तर तो गोंधळणारच. म्हणून आधी भाग वेगळे करा, मग वर्ष, मग अंक क्रमांक. असाधारण अंकांवर त्यांचा स्वतंत्र क्रमांक असतो, त्यांची रास वेगळी करा. साप्ताहिक अंकांत ते घुसडू नका, मग तारीख जुळत असली तरी.

लावताना जमिनीवर सतरंजी टाका आणि मुखपृष्ठावरची ओळ नीट वाचा. साप्ताहिक अंकावर 'गुरुवार ते बुधवार' असं लिहून इंग्रजी महिन्याच्या तारखा असतात, आणि शेजारी शक. इथे दोन ठिकाणी हमखास चुका होतात. डिसेंबरचे शेवटचे दिवस आणि जानेवारीचे पहिले दिवस ज्या अंकात एकत्र येतात, तो कुठल्या वर्षाच्या खंडात? डोकं चालवू नका, अंकावर जो 'वर्ष' आणि 'अंक' छापलाय तो बघा आणि तिकडे टाका. दुसरी चूक शकाची. राष्ट्रीय पंचांगाचा शक मार्चच्या २२ तारखेला बदलतो, लीप वर्षी २१ ला. एका वाचनालयात उत्साही मुलांनी सगळे अंक शकाप्रमाणे लावले होते, त्यामुळे प्रत्येक खंडात एका वर्षाचे नऊ महिने आणि दुसऱ्याचे तीन. ते उसवायला मला एक आठवडा लागला.

तुमच्याकडे १९६० सालचे अंक असतील तर आणखी एक गंमत आहे. त्या वर्षी ३० एप्रिलपर्यंत हे मुंबई राज्याचं राजपत्र होतं आणि १ मेपासून महाराष्ट्राचं. मी असे अंक एकाच खंडात घेत नाही. दोन पातळ खंड करतो आणि कण्यावर जे नाव आत छापलंय तेच लिहितो. जिल्ह्यांचंही तेच. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या समालोचनाच्या कण्यावर आजच्या हिशेबाने 'धुळे-नंदुरबार' लिहिणं म्हणजे शोधणाऱ्याची फसवणूक. कण्यावर बाइंडरने इतिहास दुरुस्त करायचा नसतो.

अंक लावून झाले की पेन्सिलने यादी करा. कुठला नाही, कुठला दोनदा आहे, कुठल्याचं शेवटचं पान फाटलंय. नसलेला अंक दुसऱ्या वाचनालयाकडून झेरॉक्स करून घ्या किंवा संकेतस्थळावर मिळाला तर छापून घ्या. पण छपाई लेझरवर करा. इंकजेटची शाई खळीच्या ओलीने पसरते आणि शेजारचं पानही खराब होतं. काहीच मिळालं नाही तर त्या जागी एक कोरा कागद घालायला सांगा, त्यावर 'अंक क्रमांक अमुक, बांधणीच्या वेळी उपलब्ध नव्हता' असं हाताने लिहून. पुढे अंक मिळाला तर चिकटवायला जागा राहते, आणि कुणी 'पान चोरलं' म्हणून तुमच्यावर आळ घेत नाही.

राजपत्राचा अंक म्हणजे घडी घातलेले कागद आणि मधोमध पिन. पिना आधी काढायच्या. नाशिकच्या पावसाळ्यात लोखंडी पिनेला गंज चढतो आणि तीन-चार वर्षांत तिच्याभोवती तपकिरी डाग पडून कागद तिथेच तुटतो. पिन ओढून काढू नका. पाठीमागून तिचे पाय बोथट सुरीने सरळ करा आणि मग पुढून उचला. माझ्याकडे हे काम माझी बायको करते. तिच्या हाताला घाई नाही, माझ्या हाताला आहे.

शिलाई जुजबंदीची घ्या. जुज म्हणजे एकत्र शिवायचा घडीच्या पानांचा संच. प्रत्येक अंकाच्या घडीतून सुई जाते आणि पाठीवरच्या फितींना धरून पुढच्या अंकात उतरते. मेण लावलेला दोरा, तीन किंवा चार सुती फिती. असा खंड मधोमध उघडला की सपाट पडतो. याउलट बाजारात सरसकट होते ती साइड शिलाई. गठ्ठ्याच्या डाव्या कडेला मशीनने किंवा दाभणाने भोकं पाडून आरपार दोरा. ती स्वस्त आणि पटकन होते, आणि शिवणीने दीडेक सेंटिमीटर मार्जिन खाऊन टाकलेलं असतं. मग झेरॉक्सवाला पोरगा खंड काचेवर दाबतो, कण्यातून कडकन आवाज येतो, आणि दुसऱ्या वर्षी तो खंड पुन्हा माझ्याकडे येतो. ताई, बिलावर नुसतं 'शिलाई बाइंडिंग' लिहून घेऊ नका, 'जुजबंदी, फितीवर' असं लिहून घ्या. ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या मजबूत बांधणीसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ३०५०, १९६५ सालचं. बाइंडर हुज्जत घालायला लागला तर त्याचं नाव घ्या. आम्ही लोक मानकाच्या नावाला जरा दबतो.

अडचण येते ती असाधारण अंकांची. त्यातले बरेचसे एकपानी असतात. घडीच नाही तर सुई कशातून घालणार? अशी सहा-आठ सुटी पानं एकत्र घेऊन त्यांच्या कडेला बारीक तिरकी टाचशिलाई करतो. त्याचा एक कृत्रिम जुज तयार होतो आणि मग तो इतर जुजांबरोबर फितीवर शिवतो. टाचशिलाई कडेच्या तीन-चार मिलिमीटरमध्येच बसली पाहिजे. मी ती अजूनही हाताने करतो, आणि खरं सांगायचं तर त्यात पैसे सुटत नाहीत.

जाडी. 'वर्षाला एक खंड' हा हट्ट सोडा. ए-फोर कागदाचं एक रीम बघा, पाचशे पानं, सुमारे दोन इंच जाड, अडीच किलोच्या आसपास वजन. माझा खंड त्याच्या वर जात नाही. त्यापेक्षा जाड झाला की आतल्या कागदाचं वजन कण्यावर लोंबतं, पुढची बाजू खाली झुकते आणि मांडणीवर उभा ठेवलेला खंड दोन वर्षांत पुठ्ठ्यातून निसटायला लागतो. वर्षाचे दोन करा, तीन करा. फक्त तोडताना अंकाच्या मध्ये तोडू नका.

शिलाईनंतर पाठीला पातळ सरस किंवा पांढरा गोंद, तो अर्धवट ओला असतानाच शिकंज्यात, म्हणजे दाबून धरायच्या चापात, धरून पाठ गोल करायची आणि हातोडीने दोन्ही बाजूंना खांदा काढायचा. खांदा म्हणजे पुठ्ठा बसायची खाच. त्यावर मांजरपाटाची पट्टी, पाठीपेक्षा दोन्हीकडे इंचभर जास्त. हा मांजरपाट आणि फितीची टोकं पुठ्ठ्यात अडकतात, आणि खंड पुठ्ठ्यात टिकतो तो याच्यामुळेच. पुष्कळ बाइंडर मांजरपाट गाळतात, कारण वरून कापड चढलं की आत काय आहे ते दिसत नाही. तुम्ही मागितला तर घालतील.

पुठ्ठा आणि अस्तराचा कागद यांचा ग्रेन, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका पूर्वी दुपारचे माझ्या दुकानात येऊन बसायचे. ग्रेन ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. कागदाची कड दोन नखांच्या चिमटीत धरून ओढायची. एक बाजू सरळ राहते, दुसरी लहरते. लहरली ती ग्रेनच्या आडवी. चुकीच्या ग्रेनचा पुठ्ठा जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पापडासारखा वळतो. तुमच्याकडे असे खंड असतील, बघा, पुठ्ठा बाहेरच्या बाजूला उघडलेला दिसेल.

रेक्झिन की कापड? कापड. बकरम, म्हणजे बांधणीचं जाड ताठ कापड, मिळालं तर उत्तम. रेक्झिन नवं असताना चमकतं, पुसता येतं, म्हणून समितीच्या लोकांना आवडतं. पण काही वर्षांनी कण्याच्या सांध्यावर, जिथे रोज वाकतं, तिथे त्याला तडे जातात आणि वरचा थर पोपडे निघाल्यासारखा सुटतो. शिवाय पावसाळ्यात दोन रेक्झिनचे खंड एकमेकांना चिकटतात. चामड्याचा विचार करू नका, पैसे जातील आणि कसरीला मेजवानी. भागाप्रमाणे कापडाचा रंग ठरवा. भाग एक निळा, भाग दोन मरून, असाधारण हिरवा, काहीही, पण एकदा ठरला की ठरला. रोज खंड काढून देणारा शिपाई वाचून काढत नाही, रंगावरून काढतो.

खळीबद्दल एक शब्द. मी मैद्याची खळ रोजच्या रोज शिजवतो. वडील त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. मी कायम जपायच्या कागदाला ते घालत नाही, तांब्याचा कागदावर चांगला परिणाम होत नाही. त्यापेक्षा खळ पातळ लावावी, नीट सुकू द्यावी आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवावं.

आता तुमच्या ढिगातल्या दुसऱ्या गोष्टी. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका १९५१ पासून निघू लागल्या. त्यांत घडीचे नकाशे असतात आणि बांधणीत सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होतात. नकाशा थेट शिवणीत घातला तर तो पूर्ण उघडतच नाही, उघडणारा ओढतो आणि नकाशा घडीवर फाटतो. मी नकाशाच्या डाव्या कडेला पानाच्या रुंदीची कोरी पट्टी जोडतो आणि शिवतो ती पट्टी. मग नकाशा उलगडला की संपूर्ण पुस्तकाच्या बाहेर येतो. आतलं तक्त्याचं पान चाळता चाळता शेजारी निफाड तालुक्याचा नकाशा उघडा ठेवता येतो. नकाशाच्या घड्यांमुळे पुढची बाजू फुगते, म्हणून कण्याच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीच्या भर-पट्ट्या घालाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे, वेगळा दर सांगितला तर घासाघीस करू नका. घड्या फाटल्या असतील तर सेलोटेप अजिबात लावू नका. तो पिवळा पडतो, डिंक कागदात मुरतो आणि मग काढता येत नाही. पातळ टिश्यू आणि खळ पुरते.

शासन निर्णय ही सगळी सुटी ए-फोर पानं. त्यांना घडी नाही, आणि डावं मार्जिनही बेताचं. इथे जुजबंदीचा हट्ट मीही धरत नाही. गठ्ठा शिकंज्यात धरून पानं पंख्यासारखी एका बाजूला वाकवून पांढरा गोंद लावायचा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून लावायचा. प्रत्येक पानाची कड दोन्ही बाजूंनी केसभर गोंद पकडते. लवचिक राहतं, सपाट उघडतं. झेरॉक्सच्या दुकानात गरम गोंदाची बांधणी करून मिळते ती मात्र नको, दहा वेळा उघडली की मधोमध तडकते आणि पानं हातात येतात. निर्णय विभागाप्रमाणे आणि मग तारखेप्रमाणे लावा. नव्या निर्णयांत शेवटी लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. लावायला फार सोपं पडतं. सुरुवातीला विषयांची एक हस्तलिखित अनुक्रमणिका घाला, कारण निर्णयांना राजपत्रासारखे सलग पान क्रमांक नसतात.

सगळंच बांधू नका, हेही सांगतो, माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी. जुन्या, तपकिरी पडलेल्या अंकाच्या कोऱ्या कोपऱ्याला हलकी घडी घाला, उलट करा. दोन-तीनदा केल्यावर कोपरा तुटून हातात आला तर त्या कागदाला सुई सोसणार नाही. शिवलेल्या ओळीवर तो तिकिटासारखा फाटेल. असे अंक दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून सुती फडक्यात बांधा, आपल्याकडे दफ्तरखान्यात रुमाल बांधायचे तसे, आणि आधी त्यांचे फोटो काढून घ्या. आणि माळ्यावर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा नाशिक खंड सापडला, सापडतो कधीकधी, तर तो मला दाखवायला जरूर आणा, पण बांधायला देऊ नका. तो जसा आहे तसा खोक्यात ठेवायचा.

वेळेचं सांगतो. तुम्ही लोक मार्चमध्ये येता. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडलं पाहिजे म्हणून पन्नास खंड आठ दिवसांत हवे असतात, आणि मग सरसकट साइड शिलाई होते. दिवाळीनंतर या. नाशिकची थंडी कोरडी असते, खळ नीट सुकते, खंड शिकंज्यात रात्रभर राहू शकतो. पावसाळ्यात मी सरकारी खंड घेतच नाही. एक तर ओल, दुसरं म्हणजे आमची गल्ली. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरी दुतोंड्या मारुतीला बुडवून वर सराफ बाजारापर्यंत आली तेव्हा माझ्या दुकानातलं खालच्या फळीवरचं सगळं गेलं. सुदैवाने त्यात वाचनालयाचं काही नव्हतं. तेव्हापासून खालची फळी रिकामी असते, तुमच्याकडेही ठेवा.

कण्यावर काय लिहायचं ते बाइंडरवर सोडू नका. आमच्याकडे अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून सोनेरी फॉइलने ठसा मारतात, आणि जागा कमी पडली की आम्ही मनानेच शब्द गाळतो. चिठ्ठीवर स्वच्छ लिहून द्या : राजपत्राचं नाव, भाग, वर्ष, महिने, पहिलं आणि शेवटचं पान. वर्षाचा आकडा सगळ्या खंडांवर एकाच उंचीवर आला पाहिजे. त्यासाठी पहिल्या खंडाच्या कण्यावर कागदाची पट्टी धरून खुणा करून घ्या आणि ती पट्टी रजिस्टरमध्ये चिकटवून ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या बाइंडरकडे गेलात तरी मांडणी एकसारखी दिसेल.

आणि पन्नास खंड एकदम देऊ नका. एक द्या. तयार झाला की टेबलावर ठेवा, मधलं पान उघडा आणि हात काढून घ्या. पान आपोआप मिटलं तर परत आणून द्या, पैसे न देता.